गुण विषयाचे कापता की हाताचे? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचाली जुळवण्यातली अडचण, असलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ काय देतं? लेखी परीक्षेत जादा वेळ आणि मागितलाच तर लेखनिक. एवढं दिलं की फाइल बंद. पदवी घेऊन बाहेर पडलेले आम्ही काही जण आणि अशा विद्यार्थ्यांसोबत काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळून हे पत्र लिहीत आहोत. त्या वर्षांकडे आज मागे वळून पाहताना दिसतं ते असं, की खरी अडचण होती हाताची, आणि ती सगळ्यात जास्त नडली प्रयोगशाळेत. तिथे यातली एकही सवलत पोहोचत नाही.

२०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत डिस्प्रॅक्सियाचं नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असं आहे. ५ ते ११ वयाच्या मुलांत याचं प्रमाण ५ ते ६ टक्के सांगितलंय, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांत ते पुढेही टिकतं. बुद्धी शाबूत असते, स्नायूंत ताकद असते. हालचालींचा क्रम जुळवणं आणि सरावाने ती हालचाल अंगवळणी पडणं, इथे घोडं अडतं. इतरांचा हात आपसूक लिहितो तेव्हा यांचं निम्मं लक्ष अक्षर वळवण्यात गुंतलेलं असतं. मग व्याख्यान ऐकायला लक्ष उरत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: व्याख्यानाच्या स्लाइड आदल्या दिवशी द्या आणि ध्वनिमुद्रणाला परवानगी द्या.

आता टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजण्याचा प्रयोग. एका हाताने ब्युरेटची, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या काचनळीची, तोटी हळूहळू फिरवायची, दुसऱ्याने चंबू गोल हलवत राहायचा, नजर रंगावर ठेवायची आणि फिकट गुलाबी छटा टिकली की त्याच क्षणी तोटी बंद करायची. म्हणजे दोन हात दोन वेगळ्या कामांत आणि थांबायचं फक्त एकाने. डिस्प्रॅक्सियात नेमकं हेच जमत नाही. तोटी बंद करायला जावं तर चंबूही थांबतो, किंवा तोटी उलटी फिरून धार सुटते. रंग गडद होतो, तीन वाचनं एकमेकांशी जुळत नाहीत आणि गुण जातात. एंडपॉइंट, म्हणजे रंग बदलून थांबायचा क्षण, म्हणजे काय, रंग बदलणारा दर्शक कोणता निवडायचा, गणित कसं मांडायचं हे सगळं त्या विद्यार्थ्याला येत असतं.

चंबूखाली मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे चुंबकाने द्रव आपोआप ढवळणारं यंत्र, ठेवला की एक हात मोकळा होतो आणि यातलं बहुतेक काम मार्गी लागतं. ब्युरेट भरताना ती स्टँडवर खाली घ्यावी, म्हणजे फनेल खांद्याच्या खाली येतं. टेबलावर न घसरणारी रबरी चटई, त्यावर उंच कडांचा ट्रे आणि शक्य तिथे काचेऐवजी प्लॅस्टिकचा मापक नळा ठेवावा. प्रयोगात यामुळे काहीही बदलत नाही.

अगदी थोडा द्रव मोजून घ्यायच्या मायक्रोपिपेटच्या दांड्याला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत जायचं. अंगठ्याला पहिला थांबा कळला नाही तर द्रव जास्त ओढला जातो. दांडा झटक्यात सुटला तर हवा शिरून कमी येतो. इलेक्ट्रॉनिक पिपेटमध्ये प्रमाण आधीच ठरवता येतं, बटण दाबलं की काम झालं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा आणि पडदा जोडला तर एक डोळा मिटून स्क्रू फिरवण्याची कसरत टळते. बहुतेक प्रयोगशाळांत असा एखादा संच कपाटात असतोच. तो मागण्याची सोय नसते.

जिथे हाताचं कौशल्य हेच शिकायचं आहे, शस्त्रक्रियेत किंवा दंतवैद्यकात, तिथे सूट आम्ही मागत नाही. पण बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रात हात किती स्थिर आहे याचे गुण वेगळ्या रकान्यात असावेत. म्हणजे ते किती आहेत आणि का आहेत हे परीक्षकाला स्वतःशी तरी ठरवावं लागेल.

लेखी परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल थोडं कडू बोलतो. ही सर्वांत स्वस्त सवलत आहे, म्हणून ती सर्रास दिली जाते. तीन तासांच्या पेपरला २५ टक्के वेळ वाढवला की पावणेचार तास होतात, आणि आधीच दुखणाऱ्या हाताला आणखी पाऊण तास लिहावं लागतं. पहिलं पान वाचता येतं, शेवटचं परीक्षकालाच नव्हे तर लिहिणाऱ्यालाही लागत नाही. गरज असते ती घड्याळ थांबवून दिलेल्या विश्रांतीची आणि कीबोर्डची. टायपिंग हेही हाताचंच काम असल्याने ते शिकायला महिने जातात. परीक्षेच्या तोंडावर मिळालेला लॅपटॉप शोभेचा. ओएमआर पत्रिकेत एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं घसरतात, म्हणून उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच नोंदवू द्यावीत आणि गोल दुसऱ्याने भरावेत.

तपासणीतही गोंधळ आहे. हालचालींचं कौशल्य मोजणाऱ्या एमएबीसी चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीचे (एमएबीसी-२) निकष १६ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच आहेत, आणि पदवीचा विद्यार्थी तर अठराचा. हस्ताक्षराच्या वेगासाठी १७ ते २५ वयाची डॅश १७+ चाचणी आहे, पण तिचे निकष इंग्रजी लेखनाचे. शिवाय तिचा मुक्त लेखनाचा भाग दहा मिनिटांचा. तिसऱ्या तासाला येणारा थकवा त्यात दिसणार कसा? तेव्हा परीक्षेइतक्या लांबीचा लेखन-नमुना अहवालाला जोडण्याची मुभा असावी.

शेवटी अर्जांबद्दल. नियोजन आणि क्रम लावणं ज्याला अवघड जातं, त्याच्याकडूनच दर सत्राला नवा अर्ज, प्रत्येक विभागप्रमुखाची सही आणि ठरावीक तारखेच्या आत पोचपावती मागितली जाते. ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज, तेच या चाळणीतून गळतात. पदवीच्या वयापर्यंत टिकलेली ही स्थिती सत्रागणिक बदलत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळी एकच अहवाल घ्यावा, तो पदवी पूर्ण होईपर्यंत चालावा आणि विभागांना कळवण्याचं काम विद्यापीठाच्या कार्यालयाने करावं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम २४ उच्च शिक्षणातही वाजवी सोयी पुरवायला सांगतं. विद्यार्थ्याने त्यांच्या मागे धावावं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

या सगळ्यासाठी विद्यापीठांना परिपत्रक काढावं आणि प्रयोगशाळा सहायकांनाही त्यात धरावं, कारण स्टरर कपाटातून काढून टेबलावर ठेवणारे तेच. येत्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी ते निघावं, ही विनंती.

आपले,
डिस्प्रॅक्सिया असलेले माजी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट