चिमण्या, नाला आणि मासे

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या उद्या थंड झाल्या तर नाल्यातल्या माशांतला पारा किती दिवसांत जाईल, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून हे पत्र.

कोळशात थोडा पारा असतोच. जळताना त्याची वाफ होते आणि ती महिनोन्महिने हवेत फिरते. थोडा पारा पावसाबरोबर उतरतो. जंगलात मात्र तो पानं शोषून घेतात आणि पानगळीबरोबर जमिनीवर येतो. तिथं कुजलेल्या पाचोळ्यातल्या गंधकाला असा चिकटतो की सुटता सुटत नाही. ओढ्याला मिळतो तो या कुजक्याच्याच पाठीवर बसून. मोठ्या पावसात रानातलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होऊन येतं ना, तेव्हा. दलदलीत प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात. माशांत साठतो तो हाच.

कॅनडात ऑन्टारिओमधल्या ६५८ क्रमांकाच्या तलावावर याचा एक प्रयोग झाला. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा! २००१ ते २००७ अशी सात वर्षं तिथं मुद्दाम पारा घातला, पण तीन वेगवेगळ्या समस्थानिकांचा, म्हणजे पाराच, पण अणूंच्या वजनावरून वेगळा ओळखू येणारा: उंचवट्यावरच्या जंगलात २००, दलदलीत १९८ आणि थेट तलावात २०२. जंगलावर विमानातून फवारला, तलावात होडीतून सोडला. मग मासा पकडला की त्यातला पारा कुठून आला ते कळणारच! पहिल्या तीन वर्षांत माशांत वाढलेला पारा जवळजवळ सगळा थेट तलावात पडलेलाच निघाला. जंगलावर फवारलेल्यातला एक टक्काही तलावापर्यंत पोचला नव्हता.

पारा घालणं थांबल्यावर आठ वर्षांत छोट्या माशांतला हा खुणेचा मिथिल पारा ८५ टक्क्यांहून जास्त उतरला, मोठ्या शिकारी पाइक माशांत सुमारे तीन चतुर्थांश. म्हणजे चिमण्या बंद करण्याचा फायदा लवकर दिसतो. मात्र हा हिशेब पाण्यावर थेट पडणाऱ्या पाऱ्याचा. तुमच्या नाल्याला पाण्याचं तोंड केवढंसं? त्याला येतं ते सगळं रानातून, आणि रानात मुरलेलं जुनं देणं पुढची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्यानं येत राहणार. शिवाय ती थंड, झाडोऱ्याची जमीन, तुमची काळी माती; तिथले आकडे जसेच्या तसे इकडे लावू नकोस.

मरळ तुला सोडवणार नाही, ठाऊक आहे. पण ती दुसरे मासे खाऊन वाढते, त्यांचा पारा तिच्यात गोळा होतो. घरात लहान मुलं आहेत, तेव्हा नाल्यातलं आणायचंच झालं तर बारीक मासळी आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत