काका, सहाही संगणक चालू आहेत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळ नको, हार नको, कार्यक्रम ठेवला तर मी यायचाच नाही, असं तुम्ही आधीच बजावलं होतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. अंबाजोगाईच्या एका रेडिओ-टीव्ही मिस्त्रीनं केज तालुक्यातल्या आमच्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात लहान वाचनालयासाठी काय केलं, ते चार लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही येण्याआधी आम्हाला एकदा चार जुने संगणक मिळाले होते. नारळ फुटला, फोटो निघाले. चारपैकी एकही सुरू झाला नाही. दोन वर्षं त्यांच्यावर जुनी साडी टाकून ठेवली होती. लेकरं रोज विचारायची, "ताई, आज लागंल का?" मला उत्तर द्यायचं जिवावर यायचं. त्यामुळे दिवाळीनंतर एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून नऊ संगणक येणार हे कळलं तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

ते नऊ का निघाले, हेही तुमच्याकडूनच समजलं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले, आणि विंडोज 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. यांच्यात चौथ्या पिढीचे आय-3. यंत्रं धडधाकट होती, फक्त त्या नियमात बसत नव्हती.

पहिल्या दिवशी तुम्ही लेकरांना एकाही संगणकाला हात लावू दिला नाही. मला जरा रागच आला होता, आज कबूल करते. मग तुम्ही सांगितलंत, "ताई, लोकांचे पॅन, आधार, बँकेचे कागद हाईत यात. डिलीट केलं म्हंजी पुसलं असं नसतंय." एकेक डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यांनी भरायची. 500 जीबीच्या एका डिस्कला दीड-दोन तास. रात्री साडेदहाला तुम्ही डबा उघडलात, तोही संगणकासमोरच. ज्यांचे कागद होते त्यांना हे कधी कळणार नाही, पण त्यांच्या वतीनेही आभार मानते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळं लेकरांच्याच हातात. सहावीतल्या एका मुलीपुढे तुम्ही एक पेटी उघडून ठेवलीत. बटण दाबलं की नुसतं टूं-टूं वाजायचं, पडदा काळा. रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी काढायला लावलीत. तिच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले होते. तुम्ही तिच्याच कंपासपेटीतला खोडरबर मागितलात, दात हलक्या हातानं घासायला लावलेत, रबराचा चुरा ब्रशनं झटकून पट्टी परत बसवायला सांगितलीत. दोन्ही बाजूंचे खटके टक्‌टक्‌ लागले आणि पडदा उजळला. ती मुलगी ओरडली नाही की उड्या मारल्या नाहीत. खोडरबर उलटा-सुलटा करून बघत बसली. तिचे आई-वडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले होते, घरी आजी. संध्याकाळी ती आजीला हाताला धरून घेऊन आली.

नऊपैकी तीन उठणार नाहीत हे तुम्ही तासाभरात सांगितलंत. मदरबोर्डवरचे, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचे कपॅसिटर फुगलेले होते. उगीच आशा लावली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या तिघांच्या रॅमच्या पट्ट्या बाकीच्यांत घालून सहाही 4 जीबीचे केलेत. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकलीत, मराठी विकिपीडिया डाउनलोड करून ठेवलात, म्हणजे इंटरनेट गेलं तरी लेकरांचं वाचन अडत नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर आता डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, असं म्हणत म्हणत त्यांची बोटं फिरतात. मेलेल्या यूपीएसमध्ये 12 व्होल्टची नवी बॅटरी घालून तुम्ही जी एलईडीची पट्टी जोडलीत, तिच्या उजेडात लोडशेडिंगमध्येही दहावीची लेकरं बसतात.

आणि साडीखालचे ते चार जुने मॉनिटर! पोरं तांब्याच्या तारेसाठी फोडायला निघाली होती. तुम्ही आवाज चढवलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. काचेत शिसं असतं, आणि वीज काढल्यावरही आतल्या पिक्चर ट्यूबमध्ये झटका शिल्लक राहतो, हे सांगून तुम्ही ते मॉनिटर स्वतः टेम्पोत चढवलेत आणि नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे पोचवलेत. टेम्पोचं भाडंही घेतलं नाहीत. भंगारवाला गावातच पैसे देत होता, पण तो त्या काचेचं पुढं काय करणार हे आम्ही कुणी विचारलंच नसतं.

मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगते. तीन नंबरच्या संगणकावर जुनीच तारीख दिसायला लागली आणि एकही वेबसाइट उघडेना. मला वाटलं, आता हाही गेला. तुम्हाला फोन लावणार तेवढ्यात ती सहावीतली मुलगी म्हणाली, "ताई, आतला सेल उतरलाय. आपण रात्री मेन बटण बंद करतोत ना, म्हणून तारीख इसरतंय ते. तारीख चुकली की साइट उघडत न्हाईत." दुकानातून मनगटी घड्याळात असतो तसा चपटा सेल आणला, 2032 नंबर बघून. तिनंच बसवला. मग कागदाच्या चिकटपट्टीवर त्या दिवसाची तारीख आणि 'सेल नवा' असं लिहून पेटीच्या आतल्या बाजूला लावलं, तुम्ही लावता तसं.

गुढीपाडव्याला ऊसतोडीच्या टोळ्या परततील. तेव्हा एक दिवस सवडीनं या. हार नसेल, शब्द देते. जेवायला मात्र थांबावं लागेल.

आपली,
वाचनालयाची ताई