शेवटी जाणाऱ्याने दिवा बंद करावा, पण शेवटचा कोण?

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत, आता कोडसोबत वेगळं डॉक्युमेंटेशन (कोड कसा वापरायचा याच्या नोंदी) लिहायची गरज नाही, एआय कोड वाचून सगळं सांगतं, अशा अर्थाचं काहीतरी आलं होतं. हातातला चहा गार झाला. आम्ही एका वाक्यापायी आठवडा घालवलेली माणसं आहोत, म्हणून हे पत्र.

२०१३ची गोष्ट. क्रोम ब्राउझरमध्ये तेव्हा प्लगइनसाठी (ब्राउझरला जोडायच्या जादा प्रोग्रामसाठी) पेपर नावाचा एपीआय, म्हणजे ब्राउझरशी बोलायच्या ठरलेल्या फंक्शन्सचा संच, होता. पेपर म्हणजे तुमचा नव्हे, मिरीवाला. नेटिव्ह क्लायंट या क्रोमच्याच तंत्राचं लघुरूप एनएसीएल म्हणजे मीठ, म्हणून त्याच्या जोडीला मिरी, अशी त्या लोकांची गंमत. त्याच कामाचा, नेटस्केप ब्राउझरच्या जमान्यातला एनपीएपीआय जुना झाला होता (क्रोमने तो २०१५च्या सप्टेंबरात काढूनच टाकला), त्याच्या जागी हे आलं. मी तेव्हा ज्या छोट्या कंपनीत होतो तिथे दवाखान्यासाठी एक अ‍ॅप चाललं होतं, पेशंटचा नंबर आला की स्क्रीनवर नाव दाखवायचं, बस्स एवढंच काम, आणि कोड साध्या सी भाषेमध्ये.

पेपरमध्ये वेब पेज आणि प्लगइन यांच्यात जे काही जायचं-यायचं ते पीपी-व्हार नावाच्या १६ बाइटच्या डबीतून. पूर्णांक, दशांश, हो-नाही असलं काही असेल तर ते डबीतच मावतं. पण स्ट्रिंग (मजकूर), अ‍ॅरे (यादी), डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्या) असेल तर डबीत नुसता नंबर असतो, माल दुसरीकडे, आणि त्या मालावर किती जणांचा हात आहे याची मोजणी ठेवलेली असते. अ‍ॅडरेफ केलं की एक वाढतो, रिलीज केलं की एक कमी होतो, शून्य झालं की माल गेला. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाटी आहे ना, 'शेवटी जाणाऱ्याने दिवे-पंखे बंद करावेत', तसंच. फक्त आपण शेवटचे आहोत हे कळायचं कसं ते पाटीवर लिहिलेलं नाही, त्यामुळे पंखे रात्रभर फिरतात नाहीतर कुणीतरी आत असताना अंधार होतो.

आमच्याकडे दोन्ही झालं. पेजकडून आलेल्या डिक्शनरीतून आम्ही नाव काढायचो, व्हार-टू-यूटीएफ८ या फंक्शनने त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घ्यायचो, शहाण्यासारखं रिलीज करायचो आणि पॉइंटर रांगेत ठेवून द्यायचो. मेसेजचं काम संपलं की ब्राउझर आपली डिक्शनरी सोडायचा, मोजणी शून्य, आणि आमचा पॉइंटर रिकाम्या घराकडे बोट दाखवत उभा. माझ्या मशीनवर कायम बरोबर दिसायचं कारण त्या जागेवर अजून कुणी काही लिहिलेलं नसायचं, दवाखान्यात मात्र 'कुलकर्णी'च्या जागी चौकटी. मग एका पोराने रिलीजची ओळच उडवली! नावं झकास दिसायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत मेमरी फुगून अ‍ॅप रांगायला लागलं. खरा उपाय साधा होता, बाइट मोजून नावाची कॉपी घ्यायची आणि मग रिलीज. बाइट हं, अक्षरं नाही, 'कुलकर्णी' म्हणजे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत २४ बाइट होतात, शिवाय त्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य (सीमध्ये मजकूर संपल्याची खूण) असेलच याचीही हमी नाही.

आता मुद्दा. हे सगळं पेपरच्या हेडर फाइलमधल्या (फंक्शन्सची यादी असलेल्या फाइलमधल्या) कॉमेंटमध्ये, म्हणजे माणसांसाठीच्या टिपेत, लिहिलेलं होतं! व्हार जिवंत आहे तोवरच पॉइंटर चालेल, तुम्ही रेफरन्स (मालावरचा आपला हात) सोडलात तर तिथे काहीही असू शकेल, अगदी स्वच्छ. अ‍ॅरेमधून एखादी गोष्ट काढली की तिची मोजणी तुमच्या वतीने वाढवलेली असते, हेही होतं. आम्ही वाचलंच नव्हतं, फंक्शनची ओळ बघून अंदाज बांधला. त्या ओळीत काय असतं तर व्हार द्या, पॉइंटर घ्या. तो पॉइंटर किती दिवसांचा, सोडायची जबाबदारी कुणाची, हे त्यात कुठेच नाही, मग माणूस वाचो की एआय. ब्राउझरच्या आतला कोड उकरलात तर तो आज काय करतो तेवढं कळेल, उद्याही तसंच करेल हा शब्द त्यात नसतो. पेपरच्याच सी प्लस प्लस भाषेतल्या वेष्टनात मोजणी आपोआप होते म्हणतात, ते खरंय, पण तिथेही आलेला रेफरन्स नुसता ताब्यात घ्यायचा की आणखी एक वाढवायचा हे तुम्हालाच सांगावं लागायचं, आणि ते कळायला परत कॉमेंटच.

क्रोममध्ये याच पेपरवर चालणारं फ्लॅश २०२०च्या अखेरीस गेलं, पेपरही मोडीत निघालं, ती कंपनीही राहिली नाही. दुरुस्ती केली त्या ओळीवर मी मराठीत कॉमेंट टाकली होती, 'आधी कॉपी, मग रिलीज. उलटं केल्यास कुलकर्णी दिसणार नाहीत.' रिव्ह्यूमध्ये साहेबांनी ती काढायला लावली.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे