सामायिक इमारतीसाठी विभागवार गरजा कळविण्याबाबत स्मरणपत्र

इमारत नियोजन गटाच्या सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, रसायनशास्त्र, भूगोल आणि भाषा विभागांच्या सामायिक इमारतीचा आराखडा वास्तुविशारदांकडे जाण्यापूर्वी आपापल्या विभागाची गरज येत्या शुक्रवारपर्यंत लेखी द्यावयाची आहे. केवळ खोल्यांची संख्या लिहू नये. फ्यूम हूडची (प्रयोगशाळेतील घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) नळी गच्चीपर्यंत सरळ न्यावी लागते, तिच्या पंख्याच्या घरघरीशेजारी ध्वनिमुद्रण होत नाही आणि संवेदनशील तराजूंना कंपने सोसत नाहीत. त्यामुळे कोण कोणत्या मजल्यावर, हा प्रश्न ज्येष्ठतेने सुटणारा नाही (तसा प्रयत्न होईल, हे गृहीत धरले आहे).

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेची 'बिल्डिंग २०' ही १९४३ साली तात्पुरती म्हणून उभारलेली लाकडी इमारत १९९८ पर्यंत उभी होती. तेथे अभियंते व भाषाशास्त्रज्ञ शेजारी काम करीत आणि गरजेप्रमाणे भिंती पाडीत. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे आपणास तेवढी मोकळीक नाही, तथापि आतील भिंती भारवाही (इमारतीचे वजन पेलणाऱ्या) नसाव्यात, एवढा आग्रह आपण निश्चितच धरू शकतो.

सामायिक वर्गखोल्यांचे वेळापत्रक कोणाकडे असावे, याबाबतचे मतही सोबत कळवावे.

— निमंत्रक, इमारत नियोजन गट