विनातिकीट पोरे आणि कायदा

महोदय,

बारावे वर्ष पूर्ण झाले की रेल्वेत पूर्ण भाडे, अंगावर गणवेश असला तरी. विनातिकीट सापडल्यास टीसी भाडे आणि वर किमान २५० रुपये घेतो; पावती मागून घ्यावी. मुलीकडे पैसे नसले आणि सोबत पुरुष नसला, तर तिला वाटेत कुठेही उतरवता येत नाही. रेल्वे कायद्याच्या १३९व्या कलमानुसार चढलेले स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्यालयच हवे, तेही दिवसाउजेडी. काणकोणहून निघालेल्या मुलीसाठी म्हणजे मडगाव.

खासगी बसची तऱ्हा निराळी. कंडक्टर नोट दुमडून बोटांत अडकवतो, तिकीट फाडतच नाही! मोटार वाहन कायद्याच्या १७८व्या कलमात विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, तेवढाच तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही. हे दुसरे पोटकलम बसमध्ये ठळक लिहायला हवे.

एक वाचक, मडगाव