सीडीएन ठेवा, पण किल्ली दुसरीकडे ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर ही सीडीएन पुरवणारी मोठी कंपनी बसली, एक्स आणि चॅटजीपीटी गपगार झाले, तेव्हापासून वेबसाइट चालवणारे माझ्या ओळखीचे बरेच जण म्हणतायत की हे सीडीएन प्रकरणच नको, आपला सर्व्हर बरा. मला हे काही पटत नाही म्हणून हे पत्र.

सीडीएन म्हणजे काय, तर तुमच्या पानांच्या, फोटोंच्या कॉपी ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि साइट उघडणाऱ्याला जवळची कॉपी द्यायची. साइट फास्ट होते हे सगळेच सांगतात, पण खरा उपयोग मूळ सर्व्हर झोपला की कळतो. माझ्या मेहुण्याचा दापोलीजवळ होमस्टे आहे, साइट मी बघतो. लाँग वीकेंडच्या ऐन शुक्रवारी होस्टिंगवाल्याचा सर्व्हर जो गेला तो शनिवारी दुपारीच आला, फोन केला की "टीम बघतीये सर". पण आम्ही सेटिंग करून ठेवलेलं की मूळ सर्व्हरकडून एरर आली तर जुनीच कॉपी दाखव, त्यामुळे खोल्यांचे फोटो, रेट, फोन नंबर सगळं दिसत होतं. बुकिंगचा फॉर्म तेवढा बंद, त्याला मूळ सर्व्हर लागतोच, तिथे कॉपी काय करणार. लोकांनी सरळ फोन लावले, दोन खोल्या गेल्यापण.

आता क्लाउडफ्लेअरचं. हल्लाबिल्ला नव्हता, आधी त्यांनाही तसंच वाटलेलं. त्यांच्या डेटाबेसच्या परमिशन बदलल्या आणि बॉट (माणसाऐवजी साइट उघडणारे प्रोग्राम) ओळखायची जी फाइल दर पाच मिनिटांनी बनते तिच्यात त्याच ओळी दोनदा आल्या, फाइल फुगली, ती वाचणाऱ्या प्रोग्रामची मर्यादा २०० नोंदींची, तो कोसळला. आपल्याकडे संध्याकाळी पाचला दहा कमी असताना सुरू झालं, आठच्या सुमाराला बरंचसं रुळावर आलं.

मला त्यात खटकलं ते वेगळंच. ज्यांना सीडीएन बाजूला काढून थेट सर्व्हरवर जायचं होतं त्यातल्या बऱ्याच जणांना क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डमध्ये (सेटिंग बदलायच्या पानावर) लॉगिनच होईना, कारण लॉगिनच्या पानावरचं 'तुम्ही माणूसच ना' वालं चेकिंगही त्यांचंच, तेही बंद! कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांच्याच कपाटात. म्हणून डोमेनचं (साइटच्या नावाचं) डीएनएस, म्हणजे त्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यादी, ती तरी दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) पाच मिनिटांचा ठेवा, म्हणजे वेळ आली तर तिथून पत्ता बदलता येतो (फुकटच्या प्लॅनमध्ये काही कंपन्या डीएनएसपण स्वतःकडेच मागतात, ते आधी बघा). सीडीएन काढलं की हल्ले अडवणारी भिंतही जाते हे खरंय, बँकेने असलं काही करू नये, त्यांनी दोन सीडीएनचा खर्च करावा. होमस्टेला भिंतीशिवाय दोन तास चालतं.

मेहुण्याचं डीएनएस मी डिसेंबरात हलवलं. एक दुपार गेली, त्यातली अर्धी डोमेनचा पासवर्ड शोधण्यात.

— एक वाचक, चिपळूण