वार्धक्याच्या पाहणीत राज्यातील विद्यापीठांचा वाटा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीर्घायुष्याच्या संशोधनाची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा एखाद्या नव्या गोळीची, नाहीतर परदेशातील कोणा धनिकाने स्वतःवर चालविलेल्या प्रयोगांची. याच विषयावरचे कितीतरी मोठे काम मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालते, याची मात्र फारशी वाच्यता होत नाही. हार्वर्ड विद्यापीठ आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या सहकार्याने या संस्थेने ‘लासी’ नावाची वार्धक्यविषयक पाहणी हाती घेतली. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पथकांनी नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब, मुठीची पकड आणि फुफ्फुसांची क्षमता मोजली, बोटातून रक्ताचे थेंबही घेतले. त्याच माणसांकडे पुढे पुन्हा जायचे, हा या पाहणीचा कणा आहे.

मिशिगन विद्यापीठ १९९२ पासून अमेरिकेत अशीच पाहणी करीत आले असून इंग्लंड आणि चीनमध्येही तशा पाहण्या आहेत. प्रश्न शक्यतो सारखे ठेवल्याने देशादेशांची तुलना करता येते. पण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ही तुलना वाटते तितकी सोपी नाही. कधी शाळेत न गेलेल्या आजीबाईंना ‘एक वाक्य लिहा’ असे सांगून त्यांच्या बुद्धीची परीक्षा कशी होणार? दिल्लीजवळच्या बल्लभगड भागात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने झालेल्या आधीच्या अभ्यासात ही अडचण ओळखून, लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’ अशी विचारणा करणारी हिंदी चाचणी तयार झाली होती. तीच पुढे दिल्लीच्या एम्सच्या सहभागाने झालेल्या लासीच्या स्मृतिभ्रंश उपपाहणीत उपयोगी पडली. साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, हा अंदाज तिच्यातूनच आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. परदेशी विद्यापीठांशी सहकार्य कसे असावे, याचा हा माझ्या मते उत्तम नमुना आहे.

तरीही एक मर्यादा राहते. लासीचा नमुना राज्याचे चित्र दाखवतो, जिल्ह्याचे नाही. गडचिरोली आणि पुणे येथील वृद्धांची स्थिती एकाच सरासरीत मिसळून जाते, आणि ज्येष्ठांसाठीच्या सेवांचे नियोजन तर जिल्हा पातळीवर करावे लागते. ही उणीव देवनारने किंवा हार्वर्डने भरून काढावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पुण्याच्या गोखले संस्थेतील लोकसंख्या संशोधन केंद्र आणि विद्यापीठांचे संख्याशास्त्र व समाजकार्य विभाग यांनी लासीचीच प्रश्नावली आणि मोजमापे वापरून निवडक जिल्ह्यांत पूरक पाहणी करावी. प्रश्नावली नव्याने घडवण्याचा मोह मात्र टाळावा (आपल्याकडे तो फार असतो), कारण मोजमाप बदलले की राज्याच्या आणि इतर देशांच्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. लासीची माहिती संशोधकांना मागणी केल्यावर मिळते, त्यामुळे तयारीसाठी अडून राहण्याचे कारण नाही. राज्य शासनाने येत्या अर्थसंकल्पात दोन-तीन जिल्ह्यांपुरती तरतूद करून सुरुवात करावी आणि निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचतील अशा रूपात प्रसिद्ध करण्याची अट त्या निधीलाच जोडावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा